मयतीचा ठेका

नानाजी गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाला आग्रह केला नव्हता. केला तो एकदाच, आणि तोही भलत्या गोष्टीचा.

केनवडच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते वाद्यांच्या आवाजाचे शब्द वहीत उतरवत. सध्या 'धडधड'पाशी अडले होते. एक, डफड्याचा आवाज. दोन, भीतीने काळीज उडणे. दुसऱ्या अर्थाला त्यांनी एक पुस्तकी वाक्य जोडले होते. पहिला मात्र कानांनी ऐकूनच लिहायचा, असे ठरवून ते भर दुपारी तांड्यावर रामसिंगकडे गेले. रामसिंग त्यांचा जुना विद्यार्थी, आता डफडेवाला.

तुराट्यांच्या जाळावर डफडे शेकून रामसिंगने लग्नाचा ठेका वाजवला. गुरुजींनी तो मोबाइलवर टिपला.

"आता मयतीचा."

रामसिंगने काड्या खाली ठेवल्या. "तो उगाच नाई वाजवत, गुरुजी. तांडा ऐकते."

"अरे, आहे कोण तांड्यात? सारे ऊसतोडीला गेलेत. जरासाच. माझ्या वहीसाठी."

"तुमी हात धरून अक्षर शिकवलं. तुमाले नाई कसं म्हणू?"

संथ ठोके पडू लागले. पाच-सहा झाले असतील, तोच शेजारची रुपाबाई अनवाणी धावत आली. हाताला कणीक, पदर भुईवर लोळत होता. तिचा मुलगा किशन ऊसतोडीला गेला होता.

"कोण गेलं? माह्या किशनची खबर आली का रे? सांगून काहून नाई राह्यला?"

गुरुजींनी बोलायला हवे होते. ते मोबाइलकडे पाहत राहिले.

"कोणी नाई गेलं, काकी," रामसिंग म्हणाला. "मीच हात साफ करत होतो."

तिचा विश्वास बसेना. रामसिंगने किशनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कणकेचा हात छातीवर दाबून रुपाबाई उभी होती. वहीतला दुसरा अर्थ गुरुजींच्या समोर उभा होता, आणि त्याचे उदाहरण त्यांनी पुस्तकातून आणले होते.

तिसऱ्यांदा लावल्यावर किशनचा आवाज आला, "बोल ना बे! टॅक्टर भरून राह्यलो आमी. तीन-तीनदा कायले घंट्या मारतं?"

रुपाबाई मटकन खाली बसली. मग उसळली, "हात साफ करतं? हात मोडले तुहे!" रामसिंगने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले. गुरुजींकडे लक्ष गेले तशी तिने पदर सावरला.

"तुमी कवा आले, गुरुजी? बसा, चहा आणतो. तवरक या येड्याले चार शब्द सांगा."

चहा आला. गुरुजींनी कप हातात घेतला, पण तो तोंडापर्यंत जाईना.

"रुपाबाई, तो ठेका मी मागितला होता. रामसिंग नको म्हणत होता."

"तुमी?"

"वहीत लिहायला."



"चहा थंडा होऊन राह्यला," एवढेच म्हणून ती घरात गेली.