अनुपचा टिळा

मी कॅमेरा आहे, बडोद्यातला. बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर एकच शब्द बोललो, खट्, आणि तोसुद्धा कुणीतरी बोट दाबल्यावर. आता तेवढं म्हणायचाही शीण येतो. पकडीवरचं रबर सुटलंय, बॅटरीचं झाकण रबर बँडने बांधलंय, मागच्या पडद्यावर तिरका चरा आहे. मला ठेवून दिलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण मध्यंतरी मला आतून पुसायला काढलं होतं. थोडक्यात वाचलो, म्हणून बोलतो.

कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात मला जोडलं, तिथलं काही आठवत नाही. माझा डोळा उघडला तो कारेलीबागेतल्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे. सात वर्षं मी लग्नं बघितली. पोट आत ओढून उभे राहणारे नवरदेव बघितले. तोंडात घास असताना पदराआड जाणाऱ्या काकू बघितल्या. मानपानावरून भांडता भांडता माझ्याकडे वळून हसणारे आणि खट् झाल्यावर पुन्हा तिथूनच भांडण सुरू करणारे व्याही तर किती तरी. सात वर्षांत मी इतकं हसू बघितलं की मला हसण्याचाच वीट आला. मग त्याने नवा कॅमेरा घेतला आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेमागे जाऊन बसलो. तिथे बरं होतं. झोप मिळायची.

तिथून मला मोहनाने उचललं.

मोहना चोवीस वर्षांची, एका ऑफिसात कामाला. घर मांजलपूरला, चौथ्या मजल्यावर. वडील रिफायनरीत, आई स्नेहलता घरी शिवणकाम करायची. आणि अनुप, तिचा धाकटा भाऊ. शाळेचं आणि त्याचं नववीतच फाटलं होतं. तो गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्त करायचा. हात चांगला, डोकं गरम. आधी करायचं आणि मग बघायचं, ही त्याची रीत.

मोहनाचं लहानपण मात्र घडियाळी पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत गेलं होतं, भाड्याच्या दोन खोल्यांत. पोळ सुटली तरी तिचा जीव तिथून सुटला नाही. दर रविवारी पहाटे ती स्कूटर मांडवीजवळ लावायची आणि मला गळ्यात घालून गल्लीत शिरायची. तिथे चालतच जावं लागतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढायचं, इतकी ती अरुंद.

पहिल्या रविवारी मला वाटलं, इथे काय काढायचं? ना नवरदेव, ना दिवे. एक बाई दारासमोर पाणी मारतेय, एकजण ओट्यावर बसून दाढी करतोय आणि आरसा खिडकीच्या गजाला अडकवलाय. दूधवाला वर हाक मारतो, वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. मोहना हे सगळं काढायची. कुणाला "हसा" म्हणायची नाही. मला तो मोठा आराम होता. महिन्याने ती फोटो छापून आणायची आणि ज्याचा त्याला द्यायची. लोक म्हणायचे, "अरे, हा तर मी असाच दिसतो." यात नवल काय ते मला कळायचं नाही, पण ते खूश व्हायचे.

आता माझ्या आत बसलेल्या एका कणाचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. घरातली हत्यारं पाटावर मांडली होती. आईचं शिवणयंत्र शेजारीच, अनुपचे पाने आणि पक्कड, आणि मी. मोहनाने माझी काच काढून पुसायला घेतली होती. तेवढ्यात तिला फोन आला आणि ती गॅलरीत गेली. मी आ वासून पडलेला. अनुप कुंकवाची कुयरी घेऊन आला. सगळ्यांना बोट लावलं, माझ्यापाशी थांबला.

"हा बघ, तोंड उघडून बसलाय," तो म्हणाला आणि चिमूटभर कुंकू थेट माझ्या तोंडात टाकलं.

मोहना परत आली ती किंचाळलीच. "गाढवा, काय केलंस हे?"

"पूजा केली. बाकीच्यांना चालते, तुझ्या साहेबाला चालत नाही?"

"पान्यावर कुंकू टाकणं वेगळं आणि माणसाच्या डोळ्यात टाकणं वेगळं."

तिने फुंकणीने फुंकून फुंकून बरंचसं काढलं. पण पुढचा फोटो काढताना माझा आतला आरसा झटक्याने वर गेला आणि उरलेला एक कण मागे उडून, जिथे चित्र उमटतं त्या पडद्यावर जाऊन चिकटला. तेव्हापासून प्रत्येक फोटोत वर उजवीकडे एक ठिपका. लाल नाही, काळपट. उजेडाची वाट मोठी उघडली तर तो विरून जायचा, बारीक केली की ठळक व्हायचा.

मोहना आठवडाभर अनुपशी बोलली नाही. साफ करून घेईन म्हणाली, आणि राहून गेलं. मग एका रविवारी आभाळाचा फोटो काढताना ती आपल्याशीच म्हणाली, "ह्या अनुपला आता कुठे बसवू?" झालं, त्या दिवसापासून ठिपक्याचं नाव अनुप. त्याला लपवायचा तिला नादच लागला. उत्तरायणाला आभाळ पतंगांनी भरलं होतं, त्यात अनुपचा एक पतंग झाला. कधी तो तारेवरचा कावळा व्हायचा, कधी दाढी करणाऱ्याच्या सदऱ्याचं बटण. घरी फोटो दाखवताना ती विचारायची, "सांग, तू कुठे आहेस?" अनुप डोळे फाडून शोधायचा, सापडला नाही की चिडायचा. "नीट मधोमध बसव की मला, चोरासारखा काय लपवतेस?"

पोळेत निरुपमाबेन राहतात. वय ऐंशीच्या घरात. मोहना त्यांना मासी म्हणायची. जन्म गुजराती, पण पन्नास वर्षं मराठी शेजार, म्हणून बोलणं अर्धं अर्धं. सकाळी ओट्यावर बसून भाजी निवडतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतात. एकदा भाजी निवडताना त्या मोहनाला म्हणाल्या होत्या, "तारा काका गेले त्या दिवशी बायांनी सगळं उतरवलं. बांगड्या गेल्या, जाऊ देत. पण चांदलो गेला ना, तेव्हापासून आरशातली बाई मला ओळखीची वाटत नाही." तारा म्हणजे तुझे, काका म्हणजे त्यांचा नवरा, आणि चांदलो म्हणजे कपाळावरचं कुंकू. चाळीस वर्षं झाली होती त्याला.

यंदा गणपती बसायच्या आधीचा रविवार. मासी म्हणाल्या, "ए छोकरी, माझा एक चांगला फोटो काढून ठेव. माझ्या मागून लावायला. नाहीतर दीकरा आधार कार्डातलाच मोठा करेल. त्यात मी चोर दिसते." दीकरा म्हणजे मुलगा.

"घाई काय आहे मासी?"

"नंबर कोणाचा कधी लागेल, कोणाला खबर?"

मोहना हसली. मला समोरच्या ओट्याच्या कडेवर टेकवलं. पोळेत सकाळी उजेड कमी, अशा वेळी ती नेहमी माझी वाट मोठी उघडायची. त्या दिवशी तिने ती बारीक केली, अगदी बारीक. मला एक बोटभर डावीकडे सरकवलं, मग केसभर मागे. "मासी, आता हलायचं नाही." आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "अनुप, नीट बस."

मी बराच वेळ डोळा उघडा ठेवला. मासी तिच्याकडे बघत होत्या, हसू ओठांच्या आतच. खट्. ठिपका बरोबर त्यांच्या कपाळाच्या मधोमध बसला होता. मोहनाने मासींना तो दाखवला नाही. छापूनच देणार होती.

सोमवारी तिला ताप आला. डेंग्यू. गणपती बसले तेव्हा ती दवाखान्यात होती. अनुप रक्तासाठी माणसं गोळा करत शहरभर फिरला, गॅरेजमधली सगळी पोरं घेऊन गेला. शनिवारी ती गेली.

मी खुंटीवर होतो. अनुप आला, त्याने मला पट्ट्यासकट ओढून काढलं. "ह्याच्यापायी गेली ती. दर रविवारी पहाटे त्या ओल्या गल्लीत डासांत उभी राहायची." मला वाटलं, आता आपटणार. आपटला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. आई मध्ये आली नाही, नुसती बघत राहिली. त्याने मला चपलांच्या कपाटात टाकलं आणि दार लाथेने बंद केलं.

भिंतीवर लावायला मोहनाचा फोटो शोधला तर सापडेना. ती कायम माझ्या मागे असायची. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा केला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. अनुप त्या भिंतीकडे बघायचा नाही.

नवरात्रातल्या अष्टमीला त्याने मला कपाटातून काढलं आणि रावपुऱ्यातल्या धवलच्या दुकानी नेलं. जुने कॅमेरे घेतो, विकतो, दुरुस्त करतो.

"हा घरात नको मला," अनुप म्हणाला. "काय द्यायचं ते दे."

धवलने मला उलटंसुलटं केलं. "आ तो बहु घरडो थई गयो, भाई." म्हातारा झालाय म्हणाला. खरंच होतं. मग त्याने पडद्यावर शेवटचा फोटो लावला आणि बोट ठेवलं. "अने अंदर डाघो छे. बे मिनिटमां साफ करी आपुं, मग कोणी तरी घेईल."

त्याने माझी काच फिरवून काढली, डबीतून चपटी काडी घेतली, टोकावर औषधाचा थेंब टाकला. मी आ वासून पडलो होतो, त्या खंडेनवमीसारखाच. ओरडावंसं वाटलं, पण मला एकच शब्द येतो आणि त्यालाही बोट लागतं.

अनुप पडद्याकडे बघत होता. "ही तर निरुपमामासी."

"हात मोकळे आहेत, विधवा ना? मग हा डाघ वाईट दिसतो. फोटोतून पण काढून देतो, कॉम्प्युटरवर." धवलने काडी धरलेल्या हाताच्या करंगळीने मागचे फोटो सरकवले. "गंमत बघ, डाघ बधामां छे, सगळ्यांत, पण दिसत नाही. आ पतंगमां छे. आ कागडो. आ बटन. कोणी काढलेत?"

अनुप पुढे झाला. बटण, कावळा, पतंग, एकेक करून मागे जात राहिला. लहानपणी हरवलेली वस्तू शोधावी तसा स्वतःला शोधत होता, आणि आज प्रत्येक वेळी सापडत होता.

धवल काडी घेऊन वाकला. अनुपने त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू."

"अरे, तूच तर म्हणालास..."

"काच लाव परत. आणि मासीचा फोटो छाप. जसा आहे तसा."

धवल पुटपुटला, "गांडो छे." वेडा आहे. पण त्याने छापून दिला.

रस्ताभर अनुपचा हात माझ्यावर होता. त्याला खात्री नव्हती. विधवेच्या कपाळावर ठिपका, तोही तिला न विचारता. म्हातारीला अपमान वाटला तर ताईचं नाव खराब होईल. ओट्यापाशी पोचल्यावर त्याने फोटो पुढे केला आणि एका दमात बोलून टाकलं, "मासी, हा ताईने काढलेला शेवटचा. कपाळावर डाग आहे. चूक माझी आहे, मी कुंकू टाकलं होतं कॅमेऱ्यात. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसून आणतो."

मासींनी फोटो जवळ धरला, मग लांब. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. बोट आपल्या कपाळावर नेलं आणि तिथेच ठेवलं.

"तुझी बहीण मला पूछ्या वगर चांदलो करी गई," त्या म्हणाल्या. न विचारता कुंकू लावून गेली.

"काढून आणू?"

"अडतो नहीं." हात लावू नकोस. "माझ्या मागून हाच लावायचा. आणि दीकऱ्याच्या वहूला आता दाखवू नको, उगीच चार बायांना सांगत बसेल."

मग त्यांनी त्याला शेजारी बसवलं, मेथीची जुडी बाजूला केली. "तिचा कोणता लावलात घरी?"

"ओळखपत्रावरचा. दुसरा नाही. ती सगळ्या फोटोंत मागेच असायची."

मासी आपल्याच फोटोकडे बघत होत्या. "ह्यात मी कोणाकडे बघून हसते आहे, सांग."

अनुपने बघितलं. आणि मग तो रडला, ओट्यावर, भर गल्लीत. समोरून येणारा माणूस न बोलता पलीकडच्या ओट्यावर चढून पुढे गेला. मासी मेथी निवडत राहिल्या. रडणाऱ्याकडे टक लावून बघू नये, हे त्या गल्लीत सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आई म्हणाली, "यंदा सण नाही आपल्याला." तरी तिने पाट मांडला. त्यावर काही ठेवलं नाही, नुसता मांडला आणि आत गेली. अनुपने मला आणून ठेवलं. काच घट्ट आहे ना, बघितलं. झाकण लावलं. पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग कुंकवाचं बोट माझ्या डोक्यावर लावलं, इतकं हलकं की मला कळलंसुद्धा नाही.

आता मी त्याच खुंटीवर असतो. रविवारी अनुप मला पोळेत नेतो. त्याचे फोटो हलतात, माणसांची डोकी कापली जातात, ठिपका कुठेही येतो. तो लपवत नाही. लपवायला तिची नजर लागते. मी थकलोय, फार दिवस निघतील असं वाटत नाही. कधीतरी मी तुमच्यापैकी कुणाच्या हाती पडेन, आणि फोटोत वर उजवीकडे एक काळपट ठिपका दिसेल. तुम्ही स्वच्छ माणसं, तुमचा हात फडक्याकडे जाईल.

बाहेरून कितीही पुसा मला. आत हात घालू नका. तिथे बहीण-भाऊ राहतात.