मागून येणारा आवाज

आवाज मागून येत होता. एवढी साधी गोष्ट. गाडी चालवणाऱ्या बाईला ती पहिल्याच दिवशी कळली आणि तिनं ती भावाला सांगितली नाही, आता बोला.

न कळायला काय झालं? लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते, त्यामुळे या गाडीत सगळा कारभार हातांवर. क्लच म्हणजे गिअरशेजारचा दांडा, ब्रेक म्हणजे दुसरा दांडा, आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखाली बसवलेलं कडं. गाडीची जरा कुरकुर झाली की ती तळहातातून आणि पाठीतून थेट वर यायची. उतारावर कडं सैल सोडलं की मागच्या सीटखालून बारीक, चिवट रडगाणं सुरू व्हायचं. कानाशी डास यावा तसं, आणि डासाइतकंच बेशरम.

गाडीचं नाव ढब्बी. फुगीर, दोन दारांची, बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झालेली. तिच्या दादानं ती भंगारातून उचलून आणली होती, बहिणीला घराबाहेर पडता यावं म्हणून. हातानं सारखे गिअर बदलावे लागू नयेत यासाठी त्यानं तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबलं. तेव्हा लोक हसले होते. पण त्याच इंजिनाच्या जिवावर ही बाई जन्मभर शहर पालथं घालत आली. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे, नेऊन लावायचे. सगळे तिला पडदेवाली म्हणत. कुबड्या टेकत ती दारात उभी राहिली की नवं गिऱ्हाईक 'ही काय माप घेणार' असं तोंड करायचं. मग ती मुद्दाम सगळ्यात उंच खिडकीपासून सुरुवात करायची, घरमालकाला स्टुलावर चढवायची आणि खालून हुकूम सोडायची.

गाडी गेली की हे सगळं गेलं. 'दुसरी घ्या की' म्हणणाऱ्या शहाण्यांना समजावणं तिनं सोडून दिलं होतं. तिच्या परवान्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, फक्त हेच वाहन. दुसरी गाडी म्हणजे पुन्हा परीक्षा, पुन्हा डॉक्टर, आणि तिचा उजवा खांदा तर आता वरच होत नव्हता. डॉक्टर नुसता म्हणेल, हात वर करा, की आटोपला कारभार.

"दादा, आवाज येतोय," एवढंच तिनं सांगितलं. कुठून, ते त्यालाच शोधू दे म्हणाली मनाशी. चोर स्वतः पकडायला त्याला आवडायचं.

वर्कशॉप बंद केल्यापासून दादा घरात नुसता बसून असायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप, आणि दिवसभर वहिनीच्या पायात पायात. ढब्बी घरामागच्या शेडमध्ये आली तसा तो आंघोळ उरकून सकाळी सकाळीच हजर व्हायला लागला. गाडी जॅकनं उचलून ठोकळ्यांवर ठेवली, खाली सरपटला आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. कट्, कट्.

"छकुले, सापडला बघ," तो खालून ओरडला. साठी उलटली तरी त्याच्यासाठी ती छकुलीच. "शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय. किती खेळ आहे, ये, हात लावून बघ."

क्रॉस खरंच गेला होता. त्याच्या बेअरिंगमधल्या सुयांचा तांबूस भुगा झाला होता. तो बदलायला हवा होता यात शंका नव्हती. पण रडगाणं त्याचं नव्हतं, आणि स्टुलावर बसून पाने पुढे करणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक होतं.

नुसता क्रॉस बदलायला त्यानं किती वेळ लावावा? एकेक नट रॉकेलमध्ये धुवायचा, उन्हात धरायचा, पुन्हा धुवायचा. मधेच म्हणायचा, आज हात थरथरतोय, उद्या बघू. तो उद्या काही लवकर यायचा नाही. तिची गिऱ्हाइकं फोन करून थकली. नव्या घरात राहायला आलेलं एक जोडपं बिचारं खिडक्यांना चादरी लावून थांबलं आणि शेवटी दुसऱ्या कुणाकडे गेलं. ती घरात बसून जुन्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवत राहिली.

क्रॉस झाला, आवाज तसाच. मग शाफ्टच्या मधलं बेअरिंग निघालं. तेही खिळखिळं होतं. मग गिअरबॉक्स उतरवला. एव्हाना थंडी पडली होती आणि दादा कानटोपी घालून गाडीखाली जायचा.

एक दिवस तिनं ठरवलंच, आज सांगायचं. दादा, वेड्यासारखा पुढे काय शोधतोस, मागे बघ, चाकांच्या मधल्या गोळ्यात. ती कुबड्या घेऊन निघाली तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आडवी आली.

"वन्सं, काही बोलणार आहात का त्यांना?"

"वहिनी, आवाज मागचा आहे हो. लहान मूलही सांगेल."

वहिनीनं हात पदराला पुसले. "दिसत नाही हल्ली त्यांना. ऐकूही कमी येतं. चुकले म्हणून कळलं तर हाय खातील. जरा सबुरीनं घ्या. जातील हळूहळू मागे."

तिचा राग वर आला आणि तसाच खाली गेला. तिला चालतं केलं ते याच माणसानं. त्याला 'तुला येत नाही' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? ती शेडमध्ये गेली आणि पाने देत बसली. त्या दिवशी दादानं क्लच प्लेट काढून दाखवली, काचेसारखी गुळगुळीत झालेली. नवी बसवताना त्यानं शिट्टीही वाजवली. आपण गप्प राहिलो ते बरं केलं, असं तिला वाटलं.

थंडी सरता सरता ढब्बी ठोकळ्यांवरून उतरली. चाचणीला दादा शेजारी बसला, कुबड्या मागच्या सीटवर. नवा क्लच कसा कडक धरत होता. दांडा सोडला की गाडी झेपच घ्यायची. आवाज होताच, उलट आता कडं दाबलं तरी यायचा. दोघं आपले रस्त्याकडे बघत राहिले.

चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून तिला थांबावं लागलं. ट्रक हलला, तिनं कडं दाबलं, दांडा सोडला. मागे लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं तसा दणका झाला आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. गाडी मागे सरकली. तिनं ब्रेकचा दांडा जिवाच्या आकांतानं रेटला, चाकं कडेच्या मातीत टेकवली आणि इंजिन बंद केलं.

"गेलं मागच्या गोळ्यातलं दातेरी चाक, पिनियन," दादा म्हणाला.

खाली उतरून बघितलंसुद्धा नव्हतं त्यानं. ते तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही. तिला रडू फुटलं.

"माझं चुकलं रे. आवाज मागूनच येत होता. पहिल्या दिवसापासून. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही मी."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मागून येतो ते. ठोकळ्यांवर चढवली त्याच दिवशी मागचं ऑइल सोडून बघितलं होतं, तू घरात होतीस. बोटांना पोलादाचा चुरा लागला. पिनियनचे दात अर्धे खाल्ले गेले होते, छकुले."

ती त्याच्याकडे वळली. "मग बाकीचं कशाला बदलत बसलास?"

"ते मिळत होतं, म्हणून. हे मिळत नाही. सगळे भंगारवाले पालथे घातले. ज्याच्याकडे होतं त्याचं आपल्याहून वाईट. दात कापणाऱ्यानं हातात घेतलं आणि परत दिलं, म्हणाला, असले बाकदार दात कापायचं यंत्रच उरलं नाही."

"आख्खा मागचा आस दुसरा बसव ना. तुला काय अवघड आहे."

"बसेल. पण मग ब्रेक बदलतो, तुझा दांडा बदलतो. गाडी नव्यानं तपासणीला न्यावी लागते, आणि गाडीबरोबर तुलाही. विचारून आलो मी."

तिनं आपोआप उजवा खांदा चाचपला. शेजारून गाड्या जात होत्या. एकानं हॉर्न वाजवून शिवी दिली.

"म्हणून एवढे दिवस लागले?"

"क्रॉसला एक दुपार पुरते," तो म्हणाला. "मी मुद्दाम लांबवलं. उभ्या गाडीचे दात झिजत नाहीत ना. म्हटलं, जेवढी उभी राहील तेवढी तुला पुढे पुरेल."

तिला भयंकर राग आला. शिवलेले-उसवलेले अभ्रे, चादरी लावून बसलेलं ते जोडपं, वहिनीचं ऐकून गिळलेला शब्द, सगळं एकदम आठवलं.

"अरे, माझे दिवस होते ते. तू कोण साठवून ठेवणारा? चालवता चालवता मोडली असती तर चाललं असतं मला."

"हो," दादा म्हणाला.

"तू हातच लावला नसतास तर किती चालली असती?"

त्यानं कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"जुनी क्लच प्लेट घसरायची," तो म्हणाला. "धक्का तीच खायची, दातांपर्यंत जाऊच द्यायची नाही. नवी घातली तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

"दादा, किती?"

"हा हिवाळा," तो म्हणाला. "आणि पुढचाही."