गुडघ्यातले पाणी आणि माझा गारवा

मित्रांनो, मी रुग्णालयातला एक जुना फ्रीज आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळट झालो आहे आणि माझे दार लावायला गुडघा टेकवावा लागतो. गुडघ्याचा विषय निघालाच आहे, तर सांगूनच टाकतो.

गार ठेवणे हा माझा एकुलता एक गुण. दारावर ‘खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी आहे आणि आत सिस्टरांचा डबा. तरी औषधे माझ्यापाशी सुखरूप राहत. “आपला फ्रीज म्हणजे देवमाणूस!” असे सिस्टर म्हणायच्या. मला ते खरे वाटू लागले.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, अंगात ताप. डॉक्टरांनी सुईने सांध्यातले पाणी काढले. त्यात जंतू आहेत का, हे पाहायला ते तडक लॅबमध्ये जायला हवे होते. पण लॅब बंद झाली होती.

“सकाळी पाठवू. खराब नको व्हायला,” म्हणत सिस्टरांनी त्या पाण्याची नळी माझ्यात ठेवली. मी जीव ओतून गारवा दिला.

रिपोर्ट आला : जंतूंची वाढ नाही. सगळे खूश. काकूंना व्यायाम सांगितला गेला. ताप मात्र हटेना.

शेवटी लॅबच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. “पाणी पुवासारखं गढूळ, आणि जंतू एकही नाही? नमुना होता कुठे?”

“फ्रीजमध्ये. मग काय उन्हात वाळत घालू?”

“अहो, काही जंतू गारठ्याने मरतात! मग आमच्या जंतू वाढवायच्या बशीत वाढणार काय, त्यांची भुतं?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. फ्रीजला लाजून लाल होता येत नाही. मी नुसता घुरघुरलो.

गुडघ्यात पुन्हा सुई गेली. काकूंची किंकाळी बंद दारातूनही ऐकू आली. या वेळी मॅडमनी नळी स्वतःच्या हाताने नेली. जंतू सापडले, नेमके औषध मिळाले, ताप उतरला. पण तोवर सांधा झिजला होता. तो आता पुरता वाकत नाही. पायाने मशीन चालवणे संपले.

सूज उतरावी म्हणून माझ्यातलाच बर्फ गुडघ्यावर ठेवला, तेव्हा काकूंनी डोळे मिटले. “काय बरं वाटतंय गं! या फ्रीजचे उपकार हो.”

सिस्टर खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मलाही थंड राहण्यापलीकडे काही येत नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट जपायला माझ्याकडे आणाल, तेव्हा तिला गारवा सोसतो का, हे आधी जाणत्याला विचारा. मला विचारू नका. मी सगळ्यांनाच आत घेतो.