तीन पेडलांची शेवरले

सदानंद आखातात, मुसफ्फातल्या एका पंपांच्या कंपनीत टेंडरची स्पेसिफिकेशन्स वाचायचं काम करायचा, आणि घरी आल्यावर हौस म्हणूनही तेच करायचा. गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात एकच गाडी होती. एकोणीसशे एक्कावन्नची शेवरले, दोन दारांची कूपे. सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन, ताकद ब्याण्णव घोड्यांची, आणि बॅटरी बारा नव्हे, सहा व्होल्टची. जेवताना समोर कुणीही असो, त्याला हे ऐकून घ्यावं लागे. बहुतेक वेळा समोर त्याची बायको मंजुषा असे.

मंजुषाचं म्हणणं साधं होतं. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या भाड्याच्या घरापुढे पाच मीटर लोखंड उभं करायचं कुठे? आणि ज्या गाडीला एसी नाही, ती इथल्या ऑगस्टमध्ये चालवायची, की तिच्यात बटाटे उकडायचे? तरीही तो गाडीचा व्यवहार करायला निघाला, त्या शनिवारी ती त्याच्याबरोबर फुजैराला आली. व्यवहार मोडायला घरचं माणूस हाताशी असलेलं बरं, असं तिने निघतानाच स्पष्ट सांगितलं होतं.

गाडी यम्नामॅडमची होती. एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही एमिराती बाई गावाबाहेर आपल्या खजुराच्या बागेत राहायची. गाडी तिच्या वडिलांनी बैरूतहून आणलेली. वडील गेले, आणि गाडी योग्य हातात जावी एवढीच तिची इच्छा होती. सदानंद आधी दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्याने तिला जिंकलं होतं. समोरच्या काचेचे दोन तुकडे का, चढावर जोर दिला की वायपर कसे पेंगतात, पहिला गिअर कसा मानी आहे आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कसा पडत नाही, सगळं त्याला पाठ. बाबाही अगदी असंच सांगायचे, असं म्हणून यम्नाने डोळे टिपले होते. गाडी आपलीच झाली म्हणून सदानंद मनातल्या मनात तिला पुसायलाही लागला होता.

आज तिने गहवा, म्हणजे अरबी कॉफी पाजली, खजूर खायला लावले आणि चावी पुढे केली.

"यल्ला, चलो, सदानंद साब. बाग का एक राउंड. जो चलाएगा, गाडी उसकी."

सदानंद दिमाखात आत बसला. खाली पाहिलं तर पेडलं तीन. आता ही पेडलं काही कुणी रातोरात बसवली नव्हती. क्लचच्या प्लेटचा व्यासही त्याला माहीत होता. पण तो क्लच आपल्याला दाबावा लागणार आहे, हे त्या विद्वानाच्या वर्षभरात एकदाही डोक्यात आलं नव्हतं. गाडी तो इथे येऊनच शिकला, तीही ऑटोमॅटिक. लायसन्सवरही तसंच लिहिलेलं. त्याच्या डाव्या पायाला आजवर कामच लागलं नव्हतं.

तेव्हाच खरं सांगून टाकायचं. पण यम्ना कौतुकाने बघत होती. त्याने क्लच सोडला, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि ती बंद पडली. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स असा करकरला की झाडावरची पाखरं उठली. तिसऱ्यांदा यम्नाने खिडकीतून हात आत घातला आणि चावी काढून घेतली.

"खलास," ती हळूच म्हणाली. एका हॉटेलवाल्याने गाडी मागितली होती, लॉबीत शोभेला ठेवायला. निदान तिथे तिला कुणी दुखावणार नाही.

सदानंद उतरला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला नुसतं कसनुसं हसू आलं. आता मंजुषा 'सुटलो एकदाचे' म्हणणार, म्हणून त्याने मान खाली घातली. मंजुषा सरळ यम्नापुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, चाबी मुझे दीजिए."

"मंजू, अगं ती गिअरची आहे."

"दिसतंय मला."

तिने चपला काढून बाहेर ठेवल्या आणि अखंड सीट पुढे ओढली. स्टीअरिंगला असलेला गिअरचा दांडा दोनदा इकडेतिकडे हलवून पाहिला. "हात तेवढा उलटा आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि गाडी हिसका न देता निघाली. खजुरांच्या रांगेला वळसा घालून ती परतली, पूर्ण थांबली, आणि रिव्हर्समध्ये शेडखाली सरळ लागली.

तेव्हा सदानंदला त्याच्या सासऱ्यांची सावंतवाडीची अँबॅसडर आठवली. तिचा गिअर असाच स्टीअरिंगला होता, फक्त डाव्या हाताला. लग्नाच्या वरातीत तो त्याच गाडीत मागे बसला होता.

"बाबा मला आंबोलीच्या घाटात चालवायला द्यायचे," मंजुषा म्हणाली.

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुला सगळं माहीतच असतं."

सदानंदला आधी चक्क हेवा वाटला. मग लाज वाटली, आणि मग इतका अभिमान वाटला की बायकोबद्दल यम्नाला काहीतरी सांगावंसं वाटलं. तो सांगायला गेला, तर त्याला काही सुचेना. शेवरलेचं सगळं पाठ होतं, आणि हिचं काहीच ठाऊक नव्हतं.

कागद कुणाच्या नावाने करायचे, असं यम्नाने विचारलं. मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली असती, तर तिने त्याचंच नाव सांगितलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिचे हात अजून स्टीअरिंगवर होते.

"मंजुषा के नाम पे," सदानंद म्हणाला.

"आणि तू रे?" मंजुषाने विचारलं.

"क्लास लावीन. आधी तुझं इथलं लायसन्स काढू, मग तू नेशील तिथे येईन."

"मग बस, अजून एक फेरी मारू. पण गाडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

सदानंद तिच्या शेजारी बसला. खजुरांची अर्धी रांग मागे पडेपर्यंत तो तिच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "आंबोलीत पहिल्यांदा चालवलीस, तेव्हा घाबरली होतीस का गं?"

मंजुषाने गिअर बदलला आणि ती सांगायला लागली.