डाव्या पंखाची फट

व्याह्यांनी लग्नाच्या जेवणात एक विनोद केला होता आणि तो त्यांना सव्वादोन वर्षं महागात पडत होता.

व्याही म्हणजे मुलीचे वडील. छोट्या विमानांचे मेकॅनिक, नुकतेच निवृत्त झालेले. विहीणबाई म्हणजे मुलाची आई. त्यांनी एका लॅबमध्ये एकतीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. लग्नाच्या दिवशी व्याही हातात पेला घेऊन उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "आमच्या विहीणबाईंमुळे निम्मं शहर हसतंय, पण सगळं हसू खोटं!" लोक खो खो हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. शेजारी बसलेल्या बाईंना त्या एवढंच म्हणाल्या, "स्क्रू पिळणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?" शेजारच्या बाई नेमक्या व्याह्यांच्या सख्ख्या बहीण निघाल्या.

तेव्हापासून दोघांचं बोलणं "नमस्कार" आणि "तब्येत बरी ना?" यापुढे गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या उत्तराची वाटही कुणी बघत नसे.

मग नात झाली, आणि लेकीने दोघांना एकदमच बोलावून घेतलं. घर दोन खोल्यांचं. पहिल्याच दिवशी तिने फर्मान काढलं, "बाबा स्वयंपाक करेल, आई कपड्यांचं बघतील. भांडायचं असेल तर जिन्यात जाऊन भांडा. तिथे आवाज घुमतो, म्हणजे लवकर लाज वाटेल."

चार दिवस शांततेत गेले. बुधवारी सकाळी विहीणबाई तान्हीचे धुतलेले कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या, तर दोरीवरचे अकरा चिमटे गायब. शोधत शोधत त्या जेवणाच्या टेबलापाशी आल्या. चिमटे तिथेच होते. करड्या प्लास्टिकच्या एका लांबट वस्तूला ते सगळीकडून चावत होते, वरून चार रबरबँड ताणून बसवले होते आणि व्याही दोन्ही हातांनी ती वस्तू आवळत होते.

"माझे चिमटे," विहीणबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं. आता बसेल."

टक् असा आवाज झाला. प्लास्टिकला करंगळीएवढी चीर गेली. व्याह्यांनी हात काढून घेतले आणि ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा असा झाला, की विहीणबाईंना चिमटे मागायचं सुचलंच नाही.

"हे आहे काय?"

"विमान. म्हणजे होणार होतं." व्याह्यांनी खोक्यावरचं चित्र दाखवलं. पिकांवर फवारणी करणारं, एका माणसाचं, खालून पंख असलेलं बुटकं विमान. "याच्यासारखं खरं विमान मी बावीस वर्षं सांभाळलं. उडवायच्या कॅप्टनबाई. येत्या रविवारी त्या सत्तर वर्षांच्या होतायत. मोठ्या कंपन्या या विमानाचं किट काढत नाहीत हो. एक गृहस्थ घरच्या गॅरेजमध्ये साच्यांतून भाग काढतात, त्यांच्याकडून मागवलं. एक भाग दुसऱ्याला लागेल तर शपथ!"

"मग फटीत लांबी भरा आणि रंग मारा. वाढदिवसाची भेट आहे, कोण एवढं बघतंय?"

"कॅप्टनबाईंना दोन वर्षांपासून दिसत नाही," व्याही म्हणाले. "उजेड कळतो, बाकी काही नाही. त्या हे बोटांनी बघणार. रंग कसा का असेना, त्यांना काय? पण सांध्यात नखाएवढी फट राहिली, तर त्यांना वाटेल की मी त्यांना मोडकं विमान दिलं."

 विहीणबाई हातातले ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकून समोर बसल्या.

"तुम्ही दाबताय," त्या म्हणाल्या.

"बसत नाही म्हणून दाबतोय."

"कवळी बसली नाही, तर आम्ही पेशंटचं तोंड दाबत नाही."

व्याह्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मागच्या विनोदाचा धसका अजून होता.

विहीणबाईंनी एकेक करून सगळे चिमटे काढले. विमानाचं धड दोन अर्ध्या भागांचं होतं, उभं चिरल्यासारखं. त्यांनी दोन्ही भाग वेगळे केले आणि टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहिले. उजवा भाग केळ्यासारखा किंचित वाकला होता. त्यांनी पातेल्यात गरम पाणी घेतलं, तो भाग त्यात धरला, बाहेर काढून हलक्या हाताने उलटा वाकवला आणि गार पाण्यात बुडवला. हे दोनदा केल्यावर तो टेबलावर सरळ टेकला.

तरी धड मिटेना. आत औषधाच्या टाकीचा एक चौकोनी डबा बसवायचा होता, तो कुठेतरी अडत होता. कुठे, ते बाहेरून दिसत नव्हतं.

विहीणबाई आत जाऊन पर्स घेऊन आल्या. तिच्यातून पानपातळ निळ्या कागदांची छोटी गड्डी निघाली. "कवळी तोंडात घातली की माणसाला हा कागद चावायला देतो. जिथे जास्त टेकते तिथे निळा डाग उठतो. तेवढंच घासायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही."

"निवृत्त झाल्यावरही हे पर्समध्ये घेऊन फिरता?"

"तुमच्या खिशात काय वाजतंय?"

व्याह्यांनी खिशातला छोटा पाना मुकाट्याने काढून टेबलावर ठेवला.

विहीणबाईंनी डब्याभोवती निळा कागद गुंडाळला, धड नुसतं मिटवून हलकंच दाबलं आणि उघडलं. डब्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर दोन ठिपके होते, तिळाएवढे. बाकी सगळं कोरं.

"एवढ्याशा दोन ठिपक्यांसाठी मी सकाळपासून जीव काढतोय?" व्याही म्हणाले.

त्यांनी कोपरे खरवडले, पुन्हा कागद, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं. सहाव्या खेपेला धड आपोआप मिटलं. चिमटा नाही, रबरबँड नाही. व्याह्यांनी ते कानाशी नेऊन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. लेक तान्हीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आमटी लागलीय." व्याही स्वयंपाकघराकडे धावले. पण त्या दिवशी जळक्या आमटीबद्दल विहीणबाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

गुरुवारी धड चिकटलं. चीरही बुजली. शुक्रवारी सकाळी विहीणबाई तान्हीला अंघोळ घालत होत्या आणि टेबलावर व्याही एकटेच होते. पंख समोर पडलेले, गोंदाची बाटली उघडी. त्यांना राहवेना. आधी कोरडं लावून बघायचं, टेपने धरून चारही बाजूंनी तपासायचं, हे सगळं त्यांना आता ठाऊक होतं. तरीही त्यांनी सरळ गोंद लावला आणि पंख खालून पोटाच्या खाचेत बसवले.

उजवा बसला. डाव्या पंखाच्या मुळाशी मात्र फट राहिली, पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी. हा गोंद प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. एकदा सुकला की संपलं.

"विहीणबाई!" त्यांनी हाक मारली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदाच. "जरा धावत येता का?"

तान्हीला लेकीकडे सोपवून त्या ओल्या हातांनीच आल्या. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत. "किती वेळ झाला?"

"तीन-चार मिनिटं."

"मऊ आहे अजून. धरा घट्ट." पर्समधून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी निघाली. त्यांनी हातभर दोरा तोडला, दोन्ही बोटांना गुंडाळला, सांध्यात घातला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढायला सुरुवात केली. व्याह्यांनी धड धरलं होतं. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली होती. आता इकडेतिकडे बघायची सोय नव्हती.

"लग्नात मी जे बोललो ना," व्याही म्हणाले, "ते मी आदल्या रात्रीपासून पाठ करत होतो. लोकांपुढे बोलायची भीती वाटते मला. एक तरी विनोद हवा, असं कुणीतरी सांगितलं होतं."

विहीणबाई दोरा ओढत राहिल्या. "त्या जेवणात आमच्या बाजूच्या सात जणांच्या तोंडात माझ्या हातच्या कवळ्या होत्या. तुम्ही बोललात आणि साती जणांनी तोंडं मिटून घेतली. पुढचं जेवण त्यांनी खाली मान घालून केलं. मला काय म्हणालात, त्याचं मला काही नव्हतं."

व्याह्यांना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलं माझं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "फार चुकलं."

"हात हलवू नका," विहीणबाई म्हणाल्या. मग दोऱ्याकडे बघत पुढे बोलल्या, "आणि ते स्क्रू पिळण्याचं मीही बोलायला नको होतं. तुमच्या बहिणीजवळ तर नकोच नको."

आधी डावा, मग उजवाही पंख सुटला. दोघांनी एकदमच श्वास सोडला. तिकडून लेक ओरडली, "आई, हिला अर्धवट भिजवून कुठे गेलात?"

दुपारी तान्ही झोपल्यावर दोघं पुन्हा बसले. या खेपेला पंख नुसते टेपने लावले. विहीणबाईंनी फट निरखली, मग पंख काढून, विमान उलटं करून पोटाच्या खाचेतून आत पाहिलं. "पंखाचा काही दोष नाही. धडच इथे आत दबलंय. फट बुजवायला पंख ओढू नका, धड बाहेर ढकला."

"म्हणजे आत आडवा टेकू द्यायचा," व्याही लगेच म्हणाले. आता ते त्यांच्या कामात शिरले होते. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात, तिची एक काडी त्यांनी कापली, कानशीने घासत घासत नेमक्या लांबीची केली आणि खाचेतून आत आडवी अडकवली. धड केसभर फुगलं. मग गोंद लावून पंख बसवले, तर फट जवळजवळ मिटली.

"वा!" विहीणबाई म्हणाल्या. हा शब्द व्याह्यांनी जपून ठेवला.

उरलेल्या बारीक रेघेत काय भरायचं यावर थोडी वादावादी झाली. व्याह्यांकडची लांबी सुकताना आक्रसत होती. विहीणबाईंनी जुन्या लॅबला फोन लावला आणि मुलाने कामावरून येताना कवळ्या बनवायची पूड आणि ती कालवायचं पातळ द्रव्य आणलं. शनिवारी सकाळी ते मिश्रण सांध्यात भरलं, सुकवलं, पॉलिश पेपरने पाणी लावून घासलं. काम उत्तम झालं, फक्त ते मिश्रण हिरड्यांच्या रंगाचं होतं. करड्या विमानाच्या बगलेत दोन गुलाबी पट्टे उठून दिसत होते.

"अगं बाई," लेक म्हणाली, "विमानाला हिरड्या आल्या! आता दात येताना तापही येईल."

व्याह्यांनी डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला. "लागत नाही काही."

"तुमच्या अंगठ्याने तीस वर्षं ग्रीस चोळलंय. त्याचं काय ऐकायचं?" असं म्हणून विहीणबाईंनी विमान नळाखाली धुतलं, जिभेचं टोक सांध्यावरून एका दमात फिरवलं आणि एका जागी थांबल्या. "इथे अजून आहे. जिभेला एवढासा खडबडीतपणाही डोंगराएवढा लागतो." व्याह्यांनी तिथे घासलं. पुन्हा धुणं, पुन्हा जीभ. तिसऱ्या वेळी त्यांनी मान डोलावली. दुपारी पिवळा रंग चढला आणि हिरड्या झाकल्या गेल्या.

रविवारी दोघं बसने गेले. कॅप्टनबाई तळमजल्यावर राहत होत्या. उंच, ताठ, आवाज खणखणीत. वाढदिवसाला आलेले पाच-सहा जण गोल करून बसले होते. व्याह्यांनी न बोलता विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

कॅप्टनबाईंची बोटं आधी पंख्यावर गेली, मग नाकावरून टाकीच्या झाकणावर, तिथून काचेवर.  बोटं खाली उतरली आणि डाव्या पंखाच्या मुळाशी आली. व्याही श्वास रोखून बघत होते. बोटं सांध्यावरून सरळ निघून गेली, जणू तिथे सांधा नव्हताच.

मग ती पंखाच्या टोकाशी पोचली आणि तिथे चाचपडत राहिली. कॅप्टनबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"पोचा कुठाय?"

"कुठला पोचा?" व्याह्यांचा आवाज बारीक झाला.

"कुंपणाच्या खांबाला घासलं होतं ते! डावा पंख, टोकाला. तुम्ही दरवर्षी म्हणायचात, पुढच्या वर्षी काढतो. शेवटपर्यंत काढला नाहीत. आणि इथे मात्र गुळगुळीत करून आणलात?"

सगळ्यांत आधी विहीणबाई हसल्या. इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. व्याही पार वरमले होते, पण त्यांनाही हसू आवरेना.

"द्या इकडे, मी करून देतो," ते म्हणाले.

"तुम्ही? पुढच्या वर्षी कराल!" कॅप्टनबाईंनी चाचपून शेजारच्या खणातून नखं घासायची कानस काढली. अंगठ्याने टोकापासूनचं अंतर मोजलं आणि त्या स्वतःच खरवडायला लागल्या. पिवळा रंग भुरभुर त्यांच्या मांडीवर पडत होता. चार दिवस केसाकेसाने घासलेलं विमान, आणि त्यात खड्डा पडताना पाहून व्याह्यांचा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा विहीणबाईंनी त्यांची बाही धरून मागे ओढला.

"आता बरोबर," कॅप्टनबाई म्हणाल्या. त्यांनी विमान तळहातावर उचललं, कोपरापासून हात सावकाश डावीकडे वळवला आणि पंख कलता केला. "सकाळची वेळ होती. खाली सूर्यफुलं. वारा उलटा फिरला, आणि समोर ते कुंपण..."

गोष्ट लांबली. मधेच त्या थांबून व्याह्यांना विचारत, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" आणि व्याही सांगत, "शिडीवर." मग गोष्ट पुढे जाई. कुणीतरी चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. लेकीचा फोन वाजला, तो विहीणबाईंनी पर्समध्येच बंद केला आणि खुर्ची आणखी पुढे ओढून घेतली. घरी जायच्या दोन बसेस तोवर निघून गेल्या होत्या.