पेटीचं पूर्ण नाव

मी एक जुना, चिमुकला कोड आहे. बोईसरला औषधं पॅक करणारा एक कारखाना आहे ना, त्याच्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात मी राहतो. मला हातपाय नाहीत, पण तोंड आहे बरं का! नावं सांगणं हेच माझं काम.

मित्रांनो, आमच्या प्रोग्राममध्ये ‘पेटी’ नावाचा एक साचा आहे. त्यात गोळ्या भरा, बाटल्या भरा, काहीही भरा. पण संगणकाला नाव विचारलंत, तर त्याचं एकच उत्तर, ‘पेटी`१’. म्हणजे एक जागा असलेली पेटी. त्या जागेत काय आहे, ते म्हणून सांगणार नाही! हा प्रोग्राम सांभाळणाऱ्या अर्चनाताईंना याचा भारी वैताग यायचा. शेवटी जवळच्या सरावली गावातल्या आपल्या खोलीवर बसून त्यांनी मला लिहिलं. मी काय करतो, चालत्या प्रोग्रामलाच आरसा दाखवतो आणि पेटीला विचारतो, “बाई गं, तू कोण? आणि तुझ्या आत कोण?” आत आणखी कुणी निघालं, की त्यालाही विचारतो. तळ लागेपर्यंत सोडत नाही. मग ऐटीत सांगतो, “पेटी, आत पाकिटं, पाकिटात खोकल्याच्या गोळ्या.” पहिल्यांदा हे पडद्यावर उमटलं, तेव्हा ताईंनी चक्क टाळी वाजवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे ताईंचे नवे साहेब म्हणून केदारसाहेब आले. “हा नुसती नावं छापतो,” म्हणाले, आणि मला बंद केलं. तसं त्यांनी तपासून पाहिलं होतं, पण एकाच प्रकारची पेटी घेऊन. सगळ्या पेट्या सारख्याच असल्या, तर आत काय आहे, हे कोण कशाला विचारेल? मी आपला रुसून पडून राहिलो.

मग एका दुपारी पॅकिंगचा पट्टा थांबला. पडद्यावर आलं, ‘पेटी`१साठी लेबल नाही.’ पट्ट्यावर कामाला मासवण गावची स्नेहा होती. तिच्या बहिणीची, लाडकीची, त्याच संध्याकाळी हळद! आणि माल गाडीत चढल्याशिवाय तिला निघता येईना.

“अर्चनाताई, कोणती पेटी? इथं तर सगळ्या पेट्याच हायेत!” तिचे डोळे भरून आले. “तिकडं हळद लागंल, नि मी नाय तिथं.”

केदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. “एकेक शोधायची तर उद्या उजाडेल.”

“शोधता कशाला? त्या बिचाऱ्याला चालू करा आधी!” अर्चनाताई म्हणाल्या.

झालं, मी उठलो आणि भराभर विचारत सुटलो. “पेटी, आत बाटल्या, बाटलीत लहान मुलांचं तापाचं औषध. लेबल नाही!” अहो, नवाच माल तो, त्याचं लेबल भरायचंच राहिलं होतं. ताईंनी ते भरलं आणि पट्टा धडधडत निघाला. “गावली गं गावली!” स्नेहा नाचायलाच लागली. उन्हं कलायच्या आत ती मासवणच्या वाटेला लागली होती.

मित्रांनो, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला लगेच बिनकामाचं ठरवू नका. आधी त्याला विचारा, बाबा रे, तू काय करतोस?

दुसऱ्या दिवशी स्नेहा आली ती पिवळ्याधमक हातांनी. पडद्यावर माझी ओळ उमटते तिथेच तिने बोट ठेवलं, आणि काचेवर हळद लागली. केदारसाहेब फडकं घेऊन आले, पण तो डाग न पुसताच फडकं खिशात घालून निघून गेले.