प्राध्यापकांच्या टकलातलं वंगण

रांग सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती आणि रांगेतला जो तो आपला गुडघा चोळत होता. मंचावर वंगणबाबा काचेची वाटी गुडघ्यावर टेकवत, तिच्यावरचा रबरी फुगा दाबून सोडत आणि वाटी उचलत. कातडीवर बुळबुळीत थेंब! ना सुई, ना रक्त. बाबा थेंबाला बोट लावून वर उचलत, त्याची लांब तार निघे.

"बघा, सांध्यातली घाण! डॉक्टर कापतात, आपण नुसतं बोलावतो!"

शरीरशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, घेऊन आले होते ते खरं तर बाबांची फजिती करायला. पण तार दिसली आणि त्यांना राहवेना. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"अहो, हे तर हायलुरोनन!" ते उभे राहून ओरडले. "साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. पाणी धरून ठेवते, सांध्याला वंगण पुरवते. म्हणून तार निघते!"

बाबांनी हात जोडले. "ऐकलंत? विद्वानांनीच नाव सांगितलं!"

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या तोंडी हायलुरोनन, रांग दुप्पट आणि प्राध्यापकांना पहिल्या ओळीत खुर्ची. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली बघायची बुद्धी होत नाही. ताईने संधिवाताच्या गोळ्या बंद केल्या, तेव्हाही त्यांना झाली नाही.

महिन्याभरात ताईचा गुडघा टरारून सुजला. तिला पलंगावरून उठता येईना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. प्राध्यापक सिरिंजकडे बघत होते. थेंब नळाच्या पाण्यासारखे टपटप पडत होते.

"तार का नाही निघत?"

"सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत," ती म्हणाली. "सांधा सुजला की हायलुरोननच्या साखळ्या तुटतात, वंगण पातळ होतं. तार निघते ती निरोगी सांध्यात. म्हणजे बाबा खरंच वंगण काढत असते, तर चांगलं तेच काढून टाकत असते." मग तिने हळूच विचारलं, "आणि सर, न टोचता ते कातडीतून बाहेर येतं, हे कोणत्या वर्षाच्या अभ्यासक्रमात होतं?"

"हिचं आता काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"जी झीज झाली ती भरून येणार नाही. पण गोळ्या आजपासून सुरू केल्या, तर ताई चालतील."

"तूच म्हणालास खरं आहे म्हणून," ताई एवढंच बोलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

तसेच ते सभागृहात गेले. बाबांनी "या, या!" म्हणेपर्यंत त्यांनी मंचावर तयार असलेली वाटी उचलली, स्वतःच्या टकलावर टेकवली आणि फुगा दाबून सोडला. वाटी काढली तर टाळूवर हा एवढा थेंब! त्यांनी त्याची तार ओढून दाखवली. सभागृह खो खो हसलं.

"हसा, माझं चुकलंच आहे," ते म्हणाले. "कवटीचे सांधे हलत नाहीत, तिथे वंगण नसतं. माझ्या डोक्यात तर गेला महिनाभर काहीच नव्हतं. मग हे आलं कुठून?"

त्यांनी फुगा उपटला. आतून ओला स्पंज निघाला. रांगेतल्या एका बाईने बोट लावून वास घेतला.

"अगंबाई, हे तर उकळलेल्या जवसाचं पाणी! मी केसांना लावते."

बाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

"मी शिकलेला, म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात," प्राध्यापक म्हणाले. "नका ठेवू. बाबा असो की प्राध्यापक, विचारा: आतलं बाहेर आलं कुठल्या वाटेने? माझ्या बहिणीने विचारलं नाही, कारण मी सांगितलं होतं. तिचा गुडघा झिजला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका."

घरी ताई उशीला टेकून बसली होती. तिने त्यांच्या चकाकत्या टाळूकडे पाहिलं.

"डोकं धुऊन ये आधी."

ते धुऊन आले. तिने हात पुढे केला.

"आण आता त्या गोळ्या."